अरञ्ञ आणि अभयारण्य : कान्हेरीच्या निमित्ताने

कान्हेरीची लेणी एकाच वेळी दोन कायद्यांच्या कक्षेत येतात आणि हे दोन्ही कायदे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. लेणी हे संरक्षित स्मारक आहे. म्हणून त्यांना १९५८ चा प्राचीन स्मारकांविषयीचा केंद्रीय कायदा लागू होतो. त्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे, नियमांच्या अधीन राहून, संरक्षित स्मारकात प्रवेश करण्याचा जनतेला हक्क आहे. परंतु लेण्यांकडे जाणारी वाट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून जाते आणि उद्यानाला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. हा कायदा उलट टोकापासून आरंभ करतो. त्याचे २७ वे कलम प्रथम प्रवेशाला मनाई करते आणि मग मोजक्या व्यक्तींना त्या मनाईतून वगळते. इतरांना परवाना कोणत्या कारणांसाठी मिळू शकेल हे २८ वे कलम सांगते : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आतील रहिवाशांशी करावयाचा कायदेशीर व्यवहार. अभयारण्यांसाठी लिहिलेली ही कलमे ३५ व्या कलमाने राष्ट्रीय उद्यानांनाही लावली आहेत. या यादीत वंदना नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील चैत्यापुढे नतमस्तक होण्यासाठी आलेला उपासक कायद्याच्या दृष्टीने ‘पर्यटक’ म्हणून आत येतो. पाठीवर पिशवी घेऊन डोंगर पालथे घालणारा तरुणही पर्यटकच आणि कातळावर दोर लावून चढणारा प्रस्तरारोहकही पर्यटकच. एका कायद्यापुढे तिघे हक्कदार आहेत, दुसऱ्यापुढे तिघे परवानगीचे याचक.

डोंगर आणि अरण्ये चालणाऱ्यांना किती मोकळी ठेवावीत आणि किती बंद ठेवावीत, हा प्रश्न महाराष्ट्रात गेल्या दोन-तीन दशकांत तीव्र झाला आहे. सह्याद्रीत हिंडणे ही पूर्वी थोड्या हौशी मंडळींची गोष्ट होती. आज शनिवार-रविवारी, विशेषतः पावसाळ्यात, घाटवाटांवर आणि किल्ल्यांवर रांगा लागतात. यावर दोन पक्ष पडलेले दिसतात. एकाचे म्हणणे, माणसांना बाहेर ठेवल्याविना वन्यजीव वाचणार नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे, डोंगर कोणाच्या बापाचे नाहीत. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे प्रश्न ‘कोणाला आत सोडावे’ एवढाच आहे. आमच्या मते खरा प्रश्न ‘आत गेलेल्याने कसे वागावे’ हा आहे, आणि तो या देशात फार पूर्वी विचारला गेला. त्याचा तपशील विनयपिटकात विखुरलेला आहे. तो एकत्र मांडावा हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तथापि विनयाकडे वळण्यापूर्वी ‘प्रवेश’ या शब्दाविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे, कारण आमच्या वाचकांसाठी तो शब्द कोरा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने ही स्थाने अस्पृश्यांना खुली असावीत, असे त्यात म्हटले होते. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. आणि त्या तळ्याचा न्यायालयीन निकाल मुंबई उच्च न्यायालयातून १९३७ साली लागला. पुढे राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तळी, घाट आणि रस्ते यांच्या जोडीला शासकीय निधीतून राखलेली सार्वजनिक वापराची ठिकाणेही आली. ऐतिहासिक स्थळ पाहण्यास निघालेल्या माणसाचा अनुभव तर बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. १९३४ मध्ये सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास जाताना ते वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी प्रवेशद्वाराजवळच्या हौदाचे पाणी घेतले म्हणून तेथे गहजब झाला. शेवटी किल्ला पाहू दिला गेला, पण कोठेही पाण्याला हात लागू नये म्हणून सशस्त्र शिपाई बरोबर देऊन. तेव्हा पहारा लेण्यांचा वा किल्ल्याचा नव्हता, माणसाच्या स्पर्शाचा होता.

हा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला ‘माणसाच्या पावलाने अरण्याची शुद्धता बिघडते’ ही भाषा ऐकताना कान टवकारणे भाग आहे. मात्र साम्य येथेच थांबवावे. विटाळ ही कल्पना होती, तिच्यामागे कोणतीही वस्तुस्थिती नव्हती. बिबट्याला लागणारी शांतता, कड्यावर घरटे करणाऱ्या गिधाडाला लागणारे अंतर, या वस्तुस्थिती आहेत. महाडचा दाखला देऊन जंगलात ध्वनिवर्धक नेण्याचा हक्क कोणी सांगू लागला तर तो महाडचा अवमान होईल.

माणूसविरहित अरण्याची जी कल्पना आज सरकारी दप्तरात रुजली आहे तिचे एक मोठे उगमस्थान अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोरे १८६४ मध्ये सार्वजनिक उपभोगासाठी राखून ठेवण्यात आले आणि १८९० मध्ये त्याभोवती राष्ट्रीय उद्यान झाले. परंतु त्याआधी, १८५१ मध्ये, मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी त्याच खोऱ्यात तेथील आवानीची लोकांना हुसकावण्यासाठी शिरली होती. रिकामे दिसणारे अरण्य रिकामे केलेले होते. १९१६ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यान सेवेवर दोन कर्तव्ये एकाच दमात सोपविली : निसर्ग अबाधित राखणे आणि जनतेला त्याचा आनंद मिळवून देणे. १९६४ च्या ‘वाइल्डरनेस’ कायद्याने सुरुवातीला सुमारे ९१ लाख एकर भूमी अधिक कडक संरक्षणाखाली घेतली आणि तेथे माणूस हा केवळ येऊन जाणारा पाहुणा, अशी व्याख्या केली. भारतातील अरण्यांवर हे वस्त्र बेतणे किती घातक आहे हे रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्येच एका गाजलेल्या निबंधात दाखवून दिले. जेथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहतात तेथे ‘पाहुणा’ ही व्याख्या लागू करायची तर प्रथम घरच्यांना घराबाहेर काढावे लागते.

गंमत अशी की, या कल्पनेच्या मायभूमीतच तिला मुरड घालावी लागली. योसेमिटीतील ‘हाफ डोम’ या शिखरावर चढणाऱ्यांसाठी १९१९ पासून पोलादी दोर बसविलेले आहेत. गर्दी अनावर झाली तेव्हा दोर काढले नाहीत आणि शिखरही बंद केले नाही; २०१० पासून परवाना पद्धती आणून दिवसाला सुमारे तीनशे माणसांची मर्यादा घातली. बहिरी ससाण्यांच्या विणीच्या काळात तेथील कड्यांचे ठरावीक भाग प्रस्तरारोहकांना बंद असतात. पिले उडाली की पुन्हा खुले होतात. कातळात कायमच्या मेखा ठोकाव्यात की नाही यावर अनेक वर्षे वाद चालला. २०२५ च्या जानेवारीत झालेल्या कायद्याने अशा क्षेत्रांतही मेखांसह प्रस्तरारोहण हा योग्य वापर मानून त्याला मार्गदर्शक नियमांची चौकट घालण्यास सांगितले. आमच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद प्रकरण वायोमिंगमधील ‘डेव्हिल्स टॉवर’ या उत्तुंग सुळक्याचे आहे. तो लाकोटा आणि इतर अनेक आदिवासी समूहांना पवित्र आहे; जून महिन्यात त्यांचे विधी होतात. गिर्यारोहकांनाही तो तितकाच प्रिय. १९९५ च्या व्यवस्थापन योजनेत असे ठरले की जूनमध्ये गिर्यारोहकांनी स्वेच्छेने चढाई टाळावी. व्यावसायिक वाटाड्यांवर घातलेली सक्तीची बंदी न्यायालयाच्या आक्षेपानंतर मागे घ्यावी लागली. स्वेच्छेच्या विनंतीला मात्र १९९८ च्या निकालाने मान्यता दिली. मनाई नाही, विनंती आहे. आणि बहुसंख्य गिर्यारोहक ती पाळतात.

आता विनयाकडे वळू. पालीतील ‘अरञ्ञ’ म्हणजे काय? दुसऱ्या पाराजिकाच्या विभंगात दिलेली व्याख्या अगदी रोखठोक आहे : गाव आणि गावाचा परिसर सोडून जे उरते ते अरण्य. परिसराची मर्यादाही गावाच्या टोकाशी उभ्या असलेल्या मध्यम शक्तीच्या माणसाने फेकलेला दगड जेथे पडेल तेथवर. अरण्यातील निवासस्थानासाठी गावापासून निदान पाचशे धनुष्यांचे अंतर सांगितले आहे. म्हणजे अरण्याची मोजणीच गावापासून सुरू होते. अरण्यवासी भिक्खू रोज सकाळी पिंडपातासाठी गावात येणार आणि परत जाणार, हे गृहीत आहे. ज्या अरण्यातून गावाकडे वाटच जात नाही, ते भिक्खूच्या कामाचे नाही. १९६४ च्या कायद्यातील व्याख्येशेजारी ही व्याख्या ठेवून पाहावी. एकीत माणूस वजा केला की अरण्य उरते. दुसरीत गाव आणि अरण्य यांना एका वाटेने बांधलेले आहे.

या अरण्यात राहावयास जाणाऱ्याने काय पाहावे? सहाव्या संघादिसेसात स्वतःसाठी कुटी बांधणाऱ्या भिक्खूने आधी संघाकडून जागा तपासून घ्यावी असा नियम आहे. जागा ‘अनारम्भ’ हवी, म्हणजे तेथे कोणाला उपद्रव होऊ नये. विभंगात उपद्रवाची जागा कोणती याची यादी दिली आहे : जेथे मुंग्या, वाळवी, उंदीर, साप, विंचू, गोम यांचा आश्रय आहे, जेथे हत्ती, सिंह, वाघ, अस्वल, तरस यांचा आश्रय आहे. या यादीत ‘दीपि’ हा शब्दही आहे. दीपि म्हणजे बिबट्या. आज कान्हेरीभोवतीच्या जंगलाविषयी ज्या प्राण्यावरून सर्वाधिक वाद होतो, त्याचे नाव जागा निवडण्याच्या नियमात नोंदलेले आहे. भिक्खूच्या जिवाची काळजी त्यात असेलच. परंतु यादी मुंगीपासून सुरू होते, हे विसरता येत नाही.

यापुढचाच नियम छन्न भिक्खूच्या वर्तनावरून आला. कोसंबीत त्याच्यासाठी विहार बांधायचा होता. जागा साफ करताना त्याने एक चैत्यवृक्ष तोडविला. गाव, नगर, जनपद त्या वृक्षाला मान देत असे. लोकांनी संताप व्यक्त केला आणि तथागतांनी तो रास्त मानला. विहारासाठी म्हणून झाड तोडले, हे समर्थन चालले नाही. डोंगरात आधीपासून असलेल्या लोकांचे नाते तेथे नव्याने येणाऱ्याच्या सोयीपेक्षा, ती सोय धार्मिक असली तरी, वरचढ ठरले.

पाचित्तियांतील दहावा नियम जमीन खणण्यास आणि अकरावा वनस्पतींचा नाश करण्यास मनाई करतो. दोन्ही नियमांची निदानकथा आळवीतील आहे. दुसऱ्या कथेत झाड तोडताना त्या झाडावरील देवतेच्या मुलाचा हात तुटतो. ही कथा कोणी शब्दशः घ्यावी असे आम्ही म्हणणार नाही. तिच्याच शेजारी विनयाने दिलेले दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे : लोक झाडात जीव आहे असे मानतात आणि श्रमणांकडून ते तोडले जाताना पाहून दुखावतात. सेखिय नियमांत हिरव्या वनस्पतीवर मलमूत्र करू नये, थुंकू नये, आणि पाण्यातही तसे करू नये, असे बजावले आहे. एखाद्या किल्ल्याच्या टाक्याकाठी सोमवारी सकाळी जो जाईल त्याला हे नियम किती ताजे आहेत ते समजेल.

डोंगर चढण्याविषयी विनयात थेट काही आहे काय? आहे, आणि ते फारसे परिचित नाही. राजगृहाच्या गिज्झकूट पर्वतावर छब्बग्गिय भिक्खू चढले आणि केवळ मौजेखातर त्यांनी वरून एक शिळा ढकलून दिली. खाली एक गुराखी होता, तो तिच्याखाली सापडून मेला. मारण्याचा हेतू नव्हता म्हणून पाराजिक झाला नाही. पण मौजेसाठी शिळा ढकलणे हाच दोष ठरविण्यात आला. तिसऱ्या पाराजिकाच्या विनीतवत्थूत हे प्रकरण नोंदलेले आहे. पर्वतावर चढणे दोषास्पद मानले गेले नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. गिज्झकूट तथागतांचे आवडते निवासस्थान होते. तो बंद करण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही. बंधन आले ते वर चढलेल्याच्या हातावर, आणि ते खाली गुरे राखणाऱ्याच्या बाजूने आले. चुल्लवग्गात झाडावर चढण्याविषयीही असाच विचार दिसतो : उगाच चढू नये; काम असेल तर पुरुषभर उंचीपर्यंत; हत्तीसारखे संकट समोर आले तर लागेल तेवढे उंच.

अरण्यवासी भिक्खूची कर्तव्ये सांगणारा भागही चुल्लवग्गातच आहे. पिण्याचे पाणी, वापरण्याचे पाणी, अग्नी, अग्नी पेटविण्याची अरणी आणि काठी जवळ ठेवावी. नक्षत्रे ओळखता यावीत. दिशा ठाऊक असाव्यात. एके रात्री चोरांनी अरण्यवासी भिक्खूंना पाणी, अग्नी, नक्षत्र, दिशा यांविषयी विचारले, यांपैकी काहीच नाही व काहीच माहीत नाही असे उत्तर मिळाले, म्हणून त्यांना मार बसला, अशी त्यामागची कथा आहे. कथेत थोडा विनोद आहे. परंतु ज्याला दिशा कळत नाही त्याने अरण्यात राहू नये, हे म्हणणे दर पावसाळ्यात धुक्यात वाट चुकलेल्या मुलांना शोधत हिंडणारी गिर्यारोहकांची बचावपथके आजही सांगत असतात.

सर्वांत मोठे बंधन ऋतूचे आहे. महावग्गात वर्षावासाच्या नियमाचे कारण दिले आहे. पावसाळ्यातही भिक्खू हिंडत, हिरवे गवत तुडवीत, बारीक जीव चिरडीत. लोक म्हणू लागले : इतर पंथांचे साधू एका जागी राहतात, पाखरेदेखील झाडाच्या शेंड्यावर घरटे करून राहतात, हेच तेवढे का फिरतात? यावरून तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला. नियम कठोर आहे, पण आंधळा नाही. आजारी सहकाऱ्याची शुश्रूषा, उपासकाचे निमंत्रण अशा कारणांसाठी सात दिवसांपर्यंत बाहेर जाता येते. श्वापदे, साप, चोर, आग, पूर यांचा धोका असेल तर जागा सोडताही येते. आज सह्याद्रीत नेमके उलट चित्र आहे. जमीन सर्वांत मऊ, गवत सर्वांत कोवळे, बेडूक-खेकडे-सरडे वाटेवर, पायऱ्या निसरड्या, आणि त्याच तीन महिन्यांत सर्वांत अधिक माणसे डोंगरात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यातील धबधबे आणि इतर पर्यटनस्थळांवर मनाई आदेश निघाले. अपघात झाला की बंदी, बंदी उठली की गर्दी, हा क्रम आहे. ऋतूचा विचार त्यात नाही.

विनयातील हे नियम कान्हेरीवर कसे उतरले होते? या कृष्णगिरीवर शंभराहून अधिक लेणी आहेत आणि ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे तेथे भिक्खूसंघाची वस्ती होती. सोपारा, कल्याण, चेऊल, नाशिक येथील व्यापारी, गृहिणी, भिक्खू-भिक्खुणी यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख तेथे आहेत; शोभना गोखले यांनी १९९१ मध्ये ते एका ग्रंथात संकलित केले. लेण्याखालोखाल ज्या दानाचा उल्लेख वारंवार येतो ते म्हणजे ‘पोढी’, पाण्याचे टाके. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हळींनी टाक्यांत उतरविले आहे. लेण्या-लेण्यांना जोडणाऱ्या पायऱ्याही कातळातच आहेत. मंगलस्थान, म्हणजे आजचे मागाठाणे, येथील शेत संघाला दिल्याचा लेख आहे. वर्षावासातील भिक्खूंना चीवर मिळावे म्हणून अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता व्याज वापरायची ठेव, ठेवल्याचे लेख कान्हेरीत आणि नाशिकच्या लेण्यांतही आहेत. नाशिकच्या दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात तर नद्यांवर फुकट होड्या आणि वाटसरूंसाठी निवारे व पाणपोया उभारल्याची नोंद आहे. वाट, होडी, पाणी ही दानाची वस्तू होती. प्रवेश हे पुण्यकर्म होते. आणि त्याच लेण्यांत राहणारे भिक्खू पावसाळ्यात पाऊल बाहेर टाकीत नव्हते. वाट खुली करणे आणि पाऊल आवरणे यांत त्यांना विरोध दिसला नाही.

लेणी घाटवाटांवर का आहेत हे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पायी हिंडून दाखविले. कार्ले-भाजे बोरघाटाच्या वाटेवर, जुन्नर नाणेघाटाच्या माथ्याशी, कान्हेरी सोपारा आणि कल्याण या बंदरांच्या बेचक्यात. हे ज्ञान ग्रंथालयात मिळाले नसते. धर्मानंद कोसंबींनी पालीचा अभ्यास महाराष्ट्रात रुजविला आणि त्यांच्या मुलाने पायांनी त्या अभ्यासाला भूगोल दिला. आमच्यासारख्या पुस्तकी अभ्यासकांना हे वेळोवेळी आठवावे लागते. डोंगर बंद झाले तर अशा अभ्यासाची वाटही बंद होते.

एक अवांतर गोष्ट. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात १००९ आणि १०२१ या सालांत आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. आज कोणी असे नाव कोरले तर तो गुन्हा होईल, आणि व्हावाच. पण त्या पाहुण्यांमुळे एवढे कळते की अकराव्या शतकात, लेण्यांचा उतरता काळ आला असतानाही, परधर्मीय प्रवासी या डोंगरावर येत होते आणि त्यांना कोणी अडवीत नव्हते.

हे जंगल आज टिकून आहे त्याचे श्रेय मात्र अरण्यप्रेमाला फारसे नाही. ते मुंबईच्या तहानेला आहे. १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव पूर्ण झाले. त्यांच्या पाणलोटाचे रक्षण करायचे म्हणून भोवतीची वने राखली गेली. पुढे कृष्णगिरी, मग बोरिवली, मग संजय गांधी अशी नावे बदलत सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच्या आत वारली, महादेव कोळी आदी आदिवासींचे पाडे आहेत. वाघोबाला मानणारे हे लोक बिबट्याशेजारी राहण्याची रीत जाणतात. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ पूर्वीचे वास्तव्य सिद्ध करणाऱ्यांना पर्यायी घरासाठी सात हजार रुपये भरावयाचे होते. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्यास ही रक्कम काय होती हे वेगळे सांगावयास नको. २००४ च्या जून महिन्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे मेली. इतर ठिकाणी पकडलेले बिबटे येथे आणून सोडणे हे त्यामागचे एक कारण असल्याचे विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले. ती पद्धत आवरल्यावर आणि भोवतालच्या वस्त्यांत जाणीवजागृतीचे काम सुरू झाल्यावर हल्ले घटले. २०१५ च्या छायाचित्र-गणनेत ३५ आणि २०१८ च्या गणनेत ४७ बिबटे मोजले गेले. म्हणजे माणसांचा शेजार असूनही बिबटे नांदत आहेत.

याच उद्यानाच्या खालून ठाणे ते बोरिवली जोडबोगद्यांच्या कामाचे भूमिपूजन १३ जुलै २०२४ रोजी झाले. जमिनीखालून जाणारा रस्ता जमिनीवरच्या जीवांना कमी त्रास देईल, हा युक्तिवाद आम्हांस ठाऊक आहे. कदाचित तो खराही असेल. परंतु ज्या डोंगराखालून रोज हजारो मोटारी जाऊ शकतील, त्याच डोंगरावर दहा माणसांनी पहाटे चालत जाणे हे संकट कसे, याचे उत्तर देणाऱ्याने थोडी अधिक मेहनत घ्यावी.

तेव्हा करावे काय? कान्हेरीपुरते आमचे मत असे. लेण्यांच्या दर्शनी भागावर वा कोरीव कातळावर चढाई मुळीच नसावी; त्याविषयी तडजोड नाही. नैसर्गिक कड्यांवर प्रस्तरारोहण चालू द्यावे, पण मेखा ठोकण्यापूर्वी परवानगी आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात तो कडा बंद. सह्याद्रीतील कड्यांवर घरटी करणारी लांब चोचीची गिधाडे डायक्लोफिनॅकने आधीच संपत आली आहेत. जनावरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद झाले, पण उरलेल्या घरट्यांजवळ दोर टाकण्याचे काही कारण नाही. पायवाटा ठरवून द्याव्यात, दिवसाची संख्या ठरवावी. वाटाडे पाड्यांतील असावेत आणि शुल्कातील वाटा त्यांच्याकडे जावा. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर ही मेहेरबानीची गोष्ट उरलेली नाही. पावसाळ्याचे तीन महिने लेण्यांपर्यंतची मुख्य वाट खुली ठेवून जंगलातील बाकीच्या वाटांना विश्रांती द्यावी.

हे सांगताना आमच्या घरातील गोष्टही सांगितली पाहिजे. पौर्णिमेला वा इतर सणांना लेण्यांवर होणाऱ्या आमच्या मेळाव्यांत ध्वनिवर्धक लागतात, मूर्तींपाशी मेणबत्त्या जळतात, काजळी शिल्पांवर चढते, आणि परतताना पाण्याच्या बाटल्या पोढीत तरंगत राहतात. भिक्खू हा परिपूर्ण पुरुष की समाजसेवक, असा प्रश्न बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत विचारला, तेव्हापासून अरण्यवासाकडे आपण काहीशा संशयाने पाहतो, तो संशय अनाठायी नाही. पण अरण्यवासाबरोबर अरण्यातील वागणुकीचे नियमही आपण बाजूला ठेवले. वंदनेसाठी कान्हेरीवर जाण्याचा हक्क मागताना २८ व्या कलमाच्या यादीत ‘वंदना’ हा शब्द घालण्याची मागणी आपल्या संस्थांनी अवश्य करावी. त्या अर्जासोबत मेणबत्ती, ध्वनिवर्धक आणि पोढीचे पाणी यांविषयी आपण स्वतःवर कोणती बंधने घालून घेतो, याची यादीही जोडावी. ती यादी करण्याचे काम विहारांतच व्हावे, आणि येत्या वर्षावासाच्या आधी व्हावे.